एका माणसाला मंजूर ऊब

काटेकाकांच्या घरात आज तेरा अंश तापमान आहे, आणि ते तुम्ही केलेलं आहे. तुम्ही म्हणजे वीज खातं. हवामान खात्याकडे बोट दाखवू नका. त्यांनी आपलं काम चोख केलं. थंडी सांगितली होती तेवढी आणि सांगितली होती तेव्हाच पडली. तुमच्याकडे या प्रकरणाची फाइल आहे हे ठाऊक आहे. त्या फाइलीत सगळं आहे, फक्त काय झालं ते नाही. ते इथे वाचा, आणि चष्मा लावून वाचा.

काटेकाकांचं खरं नाव फाइलीवर असेल. गल्लीत ते कुणाला माहीत नाही. पस्तीस वर्षं वजनमापं तपासायची नोकरी केली, बाजारातल्या एकेका तराजूच्या काट्यापाशी वाकून डोळा बारीक करून पाहिलं, म्हणून काटेकाका. या माणसानं सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातला तराजू सकाळी जप्त केला आणि दुपारी त्याच मेहुण्याकडे जेवायला गेला, कारण आमंत्रण आधीचं होतं. मेहुण्यानं वाढलं नाही म्हणून वाईटही वाटून घेतलं. अशा माणसाशी तुमची गाठ होती. तुम्हाला ती कळली नाही.

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत काका एकटे. खुर्च्या चार आहेत. एकीवर ते बसतात, दुसरीवर वर्तमानपत्रं बसतात, उरलेल्या दोघी एकमेकींकडे बघत बसतात.

मुलगी दूरच्या शहरात. तिला या वर्षी मुलगी झाली, दिवस भरायच्या सात आठवडे आधी. बाळ काचेच्या पेटीत होतं तेव्हा काकांना भेटायला येऊ दिलं नाही, आणि बाहेर आलं तेव्हा काकांना खोकला होता. मग एक दिवस मुलीचा फोन आला.

"बाबा, हे कामासाठी दोन महिने बाहेर जाताहेत. मी बाळाला घेऊन तुमच्याकडे येऊ का महिनाभर? पंधरा तारखेला?"

काका म्हणाले, "ये की." नंतर शेजाऱ्यांना त्यांनी सांगितलं, की आपण अगदी साध्या आवाजात बोललो. शेजाऱ्यांनी तो साधा आवाज भिंतीतून ऐकला होता.

"पण डॉक्टरांची अट आहे. घरात जळणारं काही नको. गॅस नको, शेगडी नको. तिची छाती नाजूक आहे. आणि खोली वीस अंश हवी, दिवसभर."

"वीस म्हणजे साडेएकोणीस चालेल?"

"बाबा, हे तुम्ही विचारताय?"

काका ओशाळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाकडे अर्धा अंश मागितला होता.

तर असं हे सगळं सुरू झालं. बैठकीच्या खोलीत गॅसचा हीटर होता, स्वयंपाकघरात गॅस होता. दोन्ही काढायचे आणि घर पुरतं विजेवर न्यायचं. स्वयंपाकाला इंडक्शन, उबेला हीट पंप. तुमच्याच खात्यानं चौकात फलक लावलाय, हसऱ्या कुटुंबाचा, 'घर विजेवर, चिंता वाऱ्यावर' असा. काकांनी तो फलक खाली उभं राहून दोनदा वाचला. फलकावरच्या कुटुंबात पाच माणसं आहेत. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

हीट पंपवाला आला तेव्हा सल्ला द्यायला सगळा जिना गोळा झाला. आपल्याकडे डॉक्टर एकटा येतो, पण मिस्त्री आला की बघायला जथा जमतो. तळमजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप घालूनच वर आला. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या आणि त्यांच्यामागून त्यांच्या सासूबाई, ज्यांना ऐकू येत नाही पण काही चुकवायचंही नसतं.

पंपवाला म्हणाला, "काका, बाहेरच्या थंड हवेतसुद्धा ऊब असते. हे यंत्र ती गोळा करून आत आणतं."

शिंपी म्हणाला, "बाहेर ऊब असती तर मी दुकानात दोन स्वेटर घालून कशाला बसलो असतो?"

"अहो, फ्रिज आतली ऊब काढून पाठीमागून सोडतो ना? तसाच हा. उलटा बसवलेला फ्रिज समजा."

वहिनींनी पदर खोचला. "म्हणजे बाहेर गारठा सोडणार. माझी गॅलरी बरोबर वर आहे. भावजी, तुम्ही माझ्या गॅलरीतली ऊब ओढणार, आणि मी काय करायचं?"

"ताई, हवा अथांग असते," पंपवाला म्हणाला.

"असेल हो अथांग. पण सुरुवात माझ्यापासून."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. काकांनी कपाटातून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं थर्मामीटर काढलं, वहिनींच्या गॅलरीत टांगलं आणि एक वही दिली. पंप बसण्याआधी आठवडाभर आणि बसल्यावर आठवडाभर दिवसातून तीनदा आकडा लिहायचा. वहिनींनी इमानानं लिहिला. फरक निघाला अंशाच्या पाचव्या भागाचा, तोही ढगाळ दिवसांमुळे. वहिनी वही घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "बघा. आहे ना?" मात्र तक्रार त्यांनी तिथेच सोडली. आपलं म्हणणं आकड्यात निघालं यातच त्यांचं समाधान होतं.

गॅस तोडायला अर्ज केला सोमवारी, आणि मंगळवारी सकाळी आठला माणसं हजर. नळी कापली, तोंडाला बूच मारलं, सही घेतली, गेले. कौतुक करावं तेवढं थोडं. जोडायचं असलं की सगळ्या खात्यांना संधिवात असतो, तोडायचं असलं की तीच खाती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात.

इंडक्शनला लोहचुंबक चिकटणारीच भांडी लागतात. काका चुंबक घेऊन स्वयंपाकघरात शिरले. काकूंनी तीस वर्षांत जमवलेली पातेली, कढया, तपेली, सगळ्यांना त्यांनी एकेक करून चुंबक लावला. पितळेनं नाकारला, ॲल्युमिनियमनं नाकारला, तांब्याचा तळ असलेल्या मोठ्या पातेल्यानं तर असा सोडला की चुंबक जाऊन काकांच्या अंगठ्यावर पडला. अख्ख्या फळीतून चिकटलं ते एकच भांडं, एका कपाचं दूध तापवायचं. काकांनी ते शेगडीवर ठेवलं आणि बाकीची भांडी पुन्हा पुसून जागच्या जागी लावली. पुसायची काही गरज नव्हती.

आणि मग पंप सुरू झाला. अकरा मिनिटं घरात अशी मऊ ऊब पसरली की काकांनी मफलर काढून खुंटीला लावला. बाराव्या मिनिटाला त्यांनी दूध तापत ठेवलं आणि सगळं घर बंद पडलं. पंप, शेगडी, दिवा, फ्रिज. तुमच्या मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत होता, पकडल्यावर चोर जसा निर्लज्जपणे हसतो तसा.

काका तुमच्या कार्यालयात गेले. सात नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी नोंद काढली.

"तुमचा मंजूर भार दोन किलोवॅट आहे. पंपालाच तेवढा लागतो."

"वाढवून द्या."

"फॉर्म भरा."

काकांनी फॉर्म भरला. रकाना नऊ: घरात राहणाऱ्या व्यक्तींची संख्या. आता इथे गल्लीतलं शेंबडं पोरही काय लिहायचं ते सांगेल. माणसं चार लिहितात, पाच लिहितात, गेलेल्यांना जिवंत ठेवतात, परदेशी गेलेल्यांना परत आणतात. काटेकाकांनी लिहिलं, १. ठळक लिहिलं, कुणाला सात वाटू नये म्हणून.

बाई म्हणाल्या, "एका माणसाला दोनच किलोवॅट. जास्त हवा असेल तर चार माणसं लागतात."

"माझी मुलगी आणि नात येणार आहेत."

"येणारी नको. राहणारी पाहिजेत."

"पण घर गरम झाल्याशिवाय त्या येणार नाहीत."

"मग आल्यावर अर्ज करा."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवून काकांना नियम वाचून दाखवला. तुमचा प्रश्नच तो आहे, तुमच्याकडे कुणी वाईट नाही. वाईट माणूस असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्या दिवसापासून काकांचं घर वेळापत्रकावर चाललं. सात ते नऊ पंप. नऊला पंप बंद, दूध, आंघोळीचं पाणी. तोवर खोली पुन्हा तेराला. काका ओव्हरकोट घालून दाढी करू लागले. शिंप्यानं विचारलं, "काका, कुठे निघालात?" काका म्हणाले, "स्वयंपाकघरात."

मार्ग वहिनींनी काढला. फॉर्मवर काहीही लिहा, शेवटी तुमचे साहेब पाहणीला येऊन डोकी मोजतात आणि तोच आकडा धरतात एवढं ऐकलं मात्र, त्या म्हणाल्या, "डोकीच हवीत ना? डोकी देऊ."

"मी खोटं बोलणार नाही, वहिनी."

"कोण म्हणतंय बोला? तुम्ही फक्त गप्प बसायचं. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. माझे हे तीस वर्षं गप्प होते, त्यांना कुणी खोटारडे म्हटलं नाही."

काका दोन दिवस जेवले नाहीत धड. एका पारड्यात पस्तीस वर्षांची नोकरी, दुसऱ्यात न पाहिलेली नात. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना मान हलवून होकार दिला, तोंडानं नाही.

पाहणीच्या दिवशी दुपारी दोनला सगळे जमले. वहिनी काकांची बहीण, शिंपी धाकटा भाऊ, शिंप्याची बायको भावजय, पंपवाला पुतण्या, आणि वहिनींच्या सासूबाई आत्या. काका धरून सहा. नियमाप्रमाणे पंप बंद. काकांकडे चहा होण्यासारखा नव्हता, म्हणून वहिनींनी वरून दोन किटल्या आणल्या. खिडक्या लावल्या, दार लावलं. चार खुर्च्या पुरेनात, म्हणून वर्तमानपत्रांना तीन वर्षांत पहिल्यांदा उठावं लागलं.

साहेब दोनला येणार होते. ते आले सव्वाचारला. त्या सव्वादोन तासांत काय झालं ते फाइलीत कुठे नाही, म्हणून सांगतो. शिंप्यानं एका नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या ती गोष्ट सांगितली. त्याच्या बायकोनं ती मधेच दुरुस्त केली, की बाह्या बरोबर होत्या, कोटच दुसऱ्याचा होता. यावरून त्यांचं भांडण लागलं आणि पंपवाल्यानं न्याय केला. सासूबाई काकूंच्या खुर्चीत घोरू लागल्या. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्याकडे कपबश्या आहेत की बऱ्या. कधी दाखवल्या नाहीत." काका म्हणाले, "कधी विचारलं नाहीत." आणि काका हसले. शिंप्यानं ते हसू शपथेवर सांगितलंय. चेहऱ्यावर सुरकुत्या कुठे पडतात ते त्याला कपड्यांमुळे बरोबर दिसतं.

साहेब आले. डोकी मोजली, सहा. सासूबाईंना जाग आली.

साहेबांनी विचारलं, "आजी, किती वर्षं राहता इथे?"

कसं कोण जाणे, नेमकं तेवढं त्यांना ऐकू आलं. "मी? मी चहाला आलेय. वर जाणार."

"विसरतात त्या," वहिनी म्हणाल्या. "हल्ली वर जायचंच बोलतात सारखं."

साहेबांनी आदरानं मान खाली घातली आणि लिहिलं, सहा. मग खिशातून थर्मामीटर काढलं. फॉर्मच्या मागच्या बाजूला दुसरी अट आहे ना तुमची, की पंपाशिवाय खोली अठराच्या खाली असली तरच गरज सिद्ध होते. काकांनी ती वाचली होती. पण रोज तेरा असलेल्या घराला तिची काय भीती.

साहेबांनी थर्मामीटर टेबलावर ठेवलं, पाच मिनिटं थांबले आणि म्हणाले, "सोळा. झालं तुमचं काम. आठवड्यात भार वाढेल."

वहिनींनी डोळे मिटून हात जोडले. काका मात्र त्या थर्मामीटरकडे बघत होते. कपाळावर घाम होता त्यांच्या. घाम आलेल्या माणसाला सोळा अंश कसे दिसतील? ते वाकले. डोळा बारीक केला. वहिनींनी ओळखलं आणि त्यांच्या पायावर पाय दिला. उपयोग झाला नाही.

"साहेब, याची काचेची नळी पट्टीवरून खाली सरकलीय. हे कमी दाखवतंय."

"सरकारी आहे ते."

"सरकारी असलं म्हणून ऊब कमी होत नाही."

काकांनी कपाट उघडलं. फ्लॅनेलची गुंडाळी सोडली आणि तीन थर्मामीटरं एका ओळीत मांडली. दोघांनी थोड्या वेळानं सांगितलं, एकवीस पूर्णांक चार. तिसऱ्यानं एकवीस पूर्णांक तीन सांगितलं, पण ते नेहमीच किंचित मागे असतं, हेही काकांनी साहेबांना सांगून टाकलं.

साहेब हळूच म्हणाले, "बारा वर्षं मी हेच वापरतोय. कुणी काही बोललं नाही."

"मग बारा वर्षांच्या नोंदी पाच अंशांहून जास्त चुकल्यात."

साहेबांचा चेहरा उतरला. पेन काढून त्यांनी सोळावर काट मारली आणि एकवीस पूर्णांक चार लिहिलं. खाली लिहिलं: सहा रहिवासी, ऊब पुरेशी, गरज सिद्ध होत नाही.

ते गेल्यावर वहिनींनी दार लावलं. मग वहिनी म्हणाल्या, "भावजी, पाच माणसं खोटी चालली तुम्हाला. पाच अंश चालले नाहीत?"

"माणसांबद्दल मी काही बोललो नाही. ठरल्याप्रमाणे."

"धन्य आहे तुमची," शिंप्याची बायको म्हणाली, आणि कपबश्या विसळून ठेवल्या. त्याबद्दल तिचे आभार मानायचं काकांना सुचलं नाही.

सगळे आपापल्या घरी गेले. काका टेबलाशी बसून राहिले, समोर तीन थर्मामीटरं. शिंपी-जोडी गेली तेव्हा एकवीस होते. सासूबाईंना सावकाश जिना चढवत वहिनी गेल्या, एकोणीस. पंपवाला अवजारं शोधत घुटमळला आणि गेला, साडेसतरा. दिवेलागणीला चौदा. जन्मभराची सवय, काकांनी हिशेब काढला: एक माणूस म्हणजे दीड अंश, शिंप्याचं तोंड चालू असेल तर दोन. तो कागद त्यांनी जपून ठेवलाय. शास्त्रीयदृष्ट्या तो बरोबर आहे.

बारा तारखेला तुमचं पत्र आलं, अर्ज नामंजूर. त्याच्या मागोमाग कचरा खात्याची नोटीस: सहा रहिवाशांच्या घरातून रोज एकच लहान पिशवी निघते, उरलेला कचरा कुठे टाकता याचा खुलासा करावा. तुमची खाती एकमेकांशी बोलतात हे त्या दिवशी कळलं. माणसांशी तेवढी बोलत नाहीत.

तेराला काका पुन्हा सात नंबरच्या खिडकीवर. त्यांनी सगळं खरं सांगितलं. मी एकटाच राहतो, ते पाच जण शेजारी होते, चूक माझी, गप्प बसलो. नोंद एक करा आणि निदान बाळापुरती एक महिन्याची सवलत द्या.

बाई म्हणाल्या, "पाच जणांना नोंदीतून कमी करायचं तर दाखले लागतील. प्रत्येकाचा. घर सोडून गेल्याचा किंवा मृत्यूचा."

"ते गेलेच नाहीत, तर सोडल्याचा दाखला कुठून आणू? ते आलेच नव्हते."

"पाहणीत आहेत ना."

वहिनी बरोबर आल्या होत्या. त्या पुढे झाल्या. "मी त्या पाचातली. मी वर राहते. जिवंत आहे."

"तसा दाखला आणा."

काका खिडकीची कड धरून उभे होते. ते म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी आमच्या हिचं नाव तुम्ही कमी केलंत. त्याला एक दिवस लागला होता. सकाळी अर्ज दिला, दुपारी ती नव्हती." बाईंनी वर पाहिलं, काहीतरी बोलणार होत्या, पण मागची रांग पुढे सरकली.

चौदाला दुपारी मुलीचा फोन आला.

"बाबा, बॅग भरू का? खोली किती आहे?"

टेबलावरची तिन्ही थर्मामीटरं काकांसमोर होती. वीस म्हणायला काय लागतं? एक शब्द. आली असती, मग कसंही झालं असतं, वहिनींनी वरून वायर सोडून हीटर लावले असते, सगळ्या जिन्यानं पाळी लावून बसायला कमी केलं नसतं.

"तेरा," काका म्हणाले.

पलीकडे बाळ कुरकुरत होतं. "बरं. मग मी सासूबाईंकडे जाते. थंडी संपली की बघू." मग घाईनं म्हणाली, "आज वजन केलं तिचं. तीन किलो चारशे."

"काटा बरोबर होता का?" काकांनी विचारलं.

"हो, बाबा. तुमचीच नात आहे, मी दोनदा बघितला."

फोन ठेवल्यावर काकांनी दोन्ही तळवे वर केले आणि थोडा वेळ तसेच धरले. या हातांना वजन बरोबर कळतं. तीन किलो चारशे म्हणजे केवढं, ते त्यांना डोळे मिटून सांगता येतं. एवढं एकच वजन आहे जे त्यांनी अजून उचललेलं नाही.

आता उत्तर द्या. तुमच्या दफ्तरात त्या घरात सहा माणसं राहतात. काका रोज सकाळी उठतात तेव्हा तिथे एकच असतो. बाकीची पाच तुमच्या शिक्क्यानं नोंदलेली आहेत, तर ती तुमचीच झाली. पाठवून द्या. चार खुर्च्या आहेत, दोन माणसं खाली बसतील, कुणाची तक्रार नाही. ती येऊन बसली की खोली एकवीसवर जाते, हे तुम्हीच लिहून दिलेलं आहे. आणि पाठवायची नसतील तर दुसऱ्या कागदावर एवढंच लिहा, की घरात एकट्यानं राहणाऱ्या माणसाला तुमच्या नियमाप्रमाणे किती अंश ऊब मंजूर आहे. आकडा घाला. गोलमाल नको, अर्ध्या अंशाचीसुद्धा. लेखी, सहीनिशी, सात नंबरच्या खिडकीतून नाही, वरून. कधी देताय?